वाइड लेन्ससमोरची काच

सह्याद्रीत लँडस्केप फोटोग्राफी शिकायला येणाऱ्या मंडळींचा पहिल्या दिवशीचा प्रश्न ठरलेला असतो. "सर, सोळा-पस्तीस घेतलीये. तिच्यावर फिल्टर कोणता लावू?" मी उलट विचारतो, "उभे कुठे राहणार? आणि तोंड कुठल्या दिशेला?" काहींना वाटतं, मी उत्तर टाळतोय. पण डोंगरात आणि किनाऱ्यावर इतकी वर्षं कॅमेरा घेऊन हिंडल्यावर माझं मत पक्कं झालंय. वाइड लेन्सचा फिल्टर दुकानात ठरत नाही. सूर्य कुठे आहे, क्षितिज कसं आहे आणि हवेत पाणी किती आहे, यावर तो ठरतो. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सवर कुठलाही बरा फिल्टर खपून जातो. वाइडवर त्याचा प्रत्येक दोष फोटोत उतरतो.

मुळात ही लेन्स किती पाहते, ते बघा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स आडवी साधारण ७४ अंश पाहते, १६ मिमीची ९७ अंश. म्हणजे काटकोनाहून जास्त. आता आकाशाचा निळा प्रकाश घ्या. सूर्यापासून ९० अंशांवर जो पट्टा असतो, तिथला प्रकाश सर्वांत जास्त ध्रुवीकृत असतो. सूर्याच्या आसपास आणि त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला तो जवळजवळ नसतोच. पोलरायझर हा ध्रुवीकृत प्रकाश अडवतो, म्हणून त्या पट्ट्यातलं आकाश गडद होतं. छोट्या कोनाच्या लेन्समध्ये पट्ट्याचा एक तुकडा येतो आणि आकाश सगळीकडे सारखं गडद दिसतं. सोळा मिमीत मात्र पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं फिकट आकाश असं सगळंच एका फ्रेममध्ये येतं.

कासच्या पठारावर सप्टेंबरात ऊन नुकतं वर आलेलं असताना पूर्व उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडे लेन्स रोखा आणि पोलरायझर पूर्ण फिरवा. फ्रेमच्या मधोमध गडद निळा खांब उभा राहतो. डावीउजवीकडे आकाश पांढुरकं. ढग थोडे असले तर तो आणखी उठून दिसतो. सकाळी सूर्य क्षितिजालगत असतो, त्यामुळे ९० अंशांचा पट्टा उत्तरेतून निघून डोक्यावरून दक्षिणेत उतरतो, आणि उत्तरेकडे तोंड केलेल्या माणसाला तो नेमका समोर उभा दिसतो. हा खांब नंतर कॉम्प्युटरवर काढणं फार किचकट काम आहे, कारण निळ्याची छटा आणि गडदपणा दोन्ही एकाच वेळी बदललेले असतात.

सूर्य वर चढेल तसा पट्टा कलतो. साताऱ्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि पट्टा क्षितिजालगत चहूकडे आडवा पडलेला असतो. कुठेही तोंड करा, डावीकडून उजवीकडे आकाश सारखं दिसतं. त्या वेळचा उजेड फोटोच्या कामाचा नसतो, हे खरंच. पण पोलरायझर नुसता डोळ्यासमोर धरून हा पट्टा सकाळपासून दुपारपर्यंत कसा सरकतो ते एकदा पाहावं. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा हे जास्त लक्षात राहतं, आणि त्याला कॅमेराही लागत नाही.

"मग वाइडवर पोलरायझर नकोच म्हणायचा का?" हा पुढचा प्रश्न. उलट, माझ्या बॅगेत एकच फिल्टर ठेवायची वेळ आली तर मी पोलरायझर ठेवीन. फक्त निळ्या आकाशासाठी नव्हे, पावसाळ्यासाठी.

पावसाळ्यात आकाश भरलेलं असतं. ढगांतून आलेल्या प्रकाशाला ध्रुवीकरण जवळजवळ नसतं, म्हणून खांबाचा प्रश्नच मिटतो. पण खाली सगळं ओलं असतं. कारवीचं एक ओलं पान जवळून पाहा. त्याच्या खरबरीत पाठीवर पाण्याचा पातळ थर असतो आणि त्या थरात ढगांचं पांढरं प्रतिबिंब. पान हिरवं आहे हे आपल्याला माहीत असतं, पण दिसतं ते राखाडी-हिरवं. व्ह्यूफाइंडरमधून पाहत फिल्टरची रिंग हळूहळू फिरवायला लागलं, की एका ठिकाणी ती पांढरी साय सरकते. शिरा दिसतात, कडेचे दाते दिसतात, दोन शिरांमधला फुगवटा दिसतो. शेजारचा कातळ करड्याचा काळा होतो आणि त्यावरचं शेवाळ उजळतं. रिंग आणखी पाव फेरा पुढे नेली की साय पुन्हा येते. हे काम कुठल्याही सॉफ्टवेअरने होत नाही, कारण त्या प्रतिबिंबाखालचा रंग सेन्सरवर नोंदलाच गेलेला नसतो. नोंदलेलं वाढवता येतं. न नोंदलेलं कुठून आणणार?

त्याची किंमत असते दीड ते दोन स्टॉप. कासवर वारा असतोच. सोनकी, तेरडा, सीतेची आसवं ही सगळी फुलं बारीक देठांवर डुलत असतात, आणि वाइड लेन्स घेऊन तुम्ही पायवाटेच्या कडेला त्यांच्या अगदी जवळ बसलेले असता. दोन स्टॉप गेले की शटर १/१२५ चं १/३० होतं आणि पुढची फुलं पुसली जातात. अशा वेळी मी आयएसओ वाढवतो, पोलरायझर काढत नाही. थोडं नॉइज चालतं, पण फुलांवरची पांढरी साय चालत नाही. काहीजण उलटं करतात, त्यांचेही फोटो चांगले येतात. माझा कल मी सांगितला.

पाण्याचं गणित थोडं वेगळं आहे. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून पाहिलं तर परावर्तन सर्वांत जास्त ध्रुवीकृत असतं, म्हणजे तिथे पोलरायझर सर्वांत जास्त काम करतो. भंडारदऱ्याच्या काठावर वाइड लेन्स खाली कलवली की पायाजवळच्या गोट्यांपासून समोरच्या डोंगरापर्यंत सगळं पाणी फ्रेममध्ये येतं. पोलरायझर पूर्ण फिरवला तर मधल्या पट्ट्यात तळ दिसतो, पलीकडे डोंगराचं प्रतिबिंब तसंच राहतं आणि दोहोंच्या मध्ये प्रतिबिंबाला भोक पडल्यासारखं दिसतं. म्हणून वाइडवर मी रिंग अर्ध्यावर थांबवतो. तळ थोडा दिसावा, प्रतिबिंबही थोडं राहावं.

इंद्रधनुष्याचा अनुभव तर प्रत्येकाने घ्यावा. धनुष्याचा प्रकाश कमानीच्या रेषेतच ध्रुवीकृत असतो: माथ्यावर आडवा, पायांकडे उभा. धनुष्याची त्रिज्या सुमारे ४२ अंश, म्हणजे संध्याकाळचं आख्खं धनुष्य सोळा मिमीत मावतं. मग पोलरायझर फिरवला की माथा झळाळून उठतो आणि पाय नाहीसे होतात. आणखी फिरवला की पाय उठतात आणि माथा जातो. लांब लेन्सने धनुष्याचा एक तुकडा टिपायचा असेल तर पोलरायझरसारखा सोबती नाही. पूर्ण कमान हवी असेल तर तो आधी काढून खिशात ठेवावा.

आता पाण्याच्या थेंबाविषयी, कारण सह्याद्रीत जून ते सप्टेंबर हाच खरा प्रश्न असतो. सोळा मिमीच्या लेन्सवर एफ/११ लावलं की प्रकाश आत येण्याचं भोक दीड मिलिमीटरहूनही लहान होतं. सोळा भागिले अकरा, एवढाच हिशेब. काचेवरचा पावसाचा थेंब त्याच्या दुप्पट रुंद असतो. टेलिफोटोवर असा थेंब विरून जातो, कारण तिथलं भोक मोठं असतं. वाइडवर मात्र त्या थेंबाच्या मागचा फ्रेमचा भाग पूर्ण झाकला जातो आणि फोटोत धुरकट गोळा उमटतो. धुळीचा कण, बोटाचा ठसा, समुद्राच्या खाऱ्या तुषारांचा वाळलेला डाग, सगळ्यांना हाच नियम लागू. सूर्य समोर असला की हे डाग पेटतात.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर हे फार लवकर कळतं. कडा पश्चिमेकडे तोंड करून आत वळलेला आहे, त्याची पूर्ण कमान घ्यायची तर वाइडच लागते, आणि पावसाळ्यात कोकणातून ढग कड्याच्या भिंतीला धरून वर येतात. पाचनईहून आमच्याबरोबर येणारे एक मामा असतात. कॅमेऱ्याशी त्यांचा काही संबंध नाही, पण ढगाची चाल त्यांना आमच्या आधी कळते. "सर, काच पुसून ठेवा, ढग वर यायला लागलाय," असं ते म्हणाले की दोनतीन मिनिटांत समोरचं सगळं पांढरं होतं आणि काचेवर बारीक दव बसतं. अशा ठिकाणी लेन्ससमोर जितक्या काचा कमी तितकं बरं. दोन फिल्टर एकमेकांवर चढवले तर पुसायला चार पृष्ठभाग होतात, आणि मधल्या दोन पृष्ठभागांवर दव बसलं की रिंगा उघडल्याशिवाय ते निघत नाही. ओले हात, गार रिंग, बाजूला कडा. तिथे हे करायला जाऊ नये.

याच कारणासाठी मी यूव्ही फिल्टर लावून ठेवत नाही. लेन्स घेताना दुकानदार तो हातात ठेवतोच, आणि नवीन लेन्सच्या काळजीने आपण घेतोही. डिजिटल सेन्सरपुढे अतिनील प्रकाश अडवणारी काच आधीच असते. या फिल्टरला उरतं ते फक्त संरक्षणाचं काम. साध्या, कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो. वाइड लेन्सच्या फ्रेममध्ये सूर्य येण्याचा संभव मोठा, आणि आला की हा परत फेकलेला प्रकाश फ्लेअर होऊन फोटोभर पसरतो. चांगल्या कोटिंगचा फिल्टर हे बरंच कमी करतो. किनाऱ्यावर तुषार उडत असताना असा फिल्टर लावून ठेवणं शहाणपणाचं. शटर दाबण्याआधी तो काढायचं तेवढं लक्षात ठेवा.

ग्रॅड फिल्टरविषयी, म्हणजे वरचा अर्धा गडद आणि खालचा अर्धा स्वच्छ असलेल्या काचेविषयी, लोकांची मतं टोकाची असतात. एक गट म्हणतो, आता सेन्सर इतके चांगले झालेत, तीन एक्स्पोजर घ्या आणि नंतर जुळवा. दुसरा गट त्याशिवाय घराबाहेर पडत नाही. मी दोन्हीकडचा थोडा थोडा आहे, आणि त्याचं कारण क्षितिज.

कोकणात क्षितिज सरळ असतं. गणपतीपुळ्याला किंवा देवगडला सूर्य समुद्रात उतरताना आकाश आणि वाळू यांच्यामध्ये पट्टीने आखल्यासारखी रेघ असते. तिथे हार्ड ग्रॅड बरोबर बसतो. सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना सर्वांत तेजस्वी भाग मधल्या रेघेवर असतो आणि वर आकाश मंदावत जातं, म्हणून मधे सर्वांत गडद आणि वर फिका होत जाणारा रिव्हर्स ग्रॅड त्याहून चांगला. घाटमाथ्यावर ही सोय नाही. जीवधनच्या बाजूचा वानरलिंगी सुळका आकाशात घुसलेला असतो. हार्ड ग्रॅड लावला तर आकाशाबरोबर सुळक्याचा वरचा अर्धाही काळा पडतो, आणि पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. अशा जागी सॉफ्ट ग्रॅड घ्यावा, किंवा ग्रॅड ठेवून देऊन एक्स्पोजरं जुळवावीत. सुळक्याच्या बाबतीत मी दुसरा मार्ग धरतो.

सॉफ्ट ग्रॅड घेताना वाइडची आणखी एक गंमत ध्यानात घ्यावी लागते. तीच काच लांब लेन्सपुढे लावली तर फ्रेममध्ये काचेचा छोटासा भाग येतो आणि गडदपासून स्वच्छपर्यंतचा उतार पसरट दिसतो. वाइडपुढे काचेचा मोठा भाग वापरला जातो, शिवाय भोक बारीक असतं, त्यामुळे तोच उतार आखूड आणि उभा दिसतो. म्हणजे सत्तर-दोनशेवर ज्याला सॉफ्ट म्हणाल तो सोळावर मध्यम होतो. म्हणून वाइडसाठी ग्रॅड घेताना शंका असेल तर एक पायरी मऊच घ्यावा. तीन स्टॉपचा, म्हणजे ०.९ लिहिलेला, आमच्याकडच्या संध्याकाळींना पुरतो. तो चौकोनी होल्डरमधलाच घ्या. गोल, फिरवून बसवायच्या ग्रॅडमध्ये मधली रेघ काचेच्या मध्यावर कायमची अडकलेली असते, म्हणजे क्षितिज प्रत्येक फोटोत मधोमध ठेवायला तो फिल्टर भाग पाडतो. माझ्या मते ते पैसे वाया.

या सगळ्यात आन्सेल अ‍ॅडम्सची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीत हाफ डोमसमोर त्यांनी आधी पिवळा फिल्टर लावून प्लेट घेतली. पण मनात जे आकाश होतं ते जवळजवळ काळं होतं, आणि पिवळ्याने ते येणार नाही हे त्यांना तिथेच उमगलं. मग गडद लाल फिल्टर लावून त्यांनी दुसरी प्लेट घेतली. 'मोनोलिथ' नावाने प्रसिद्ध झालेला फोटो तो हाच. त्यांच्याजवळ प्लेट मोजक्याच उरल्या होत्या. शटर दाबण्याआधी त्यांनी आकाश किती काळं हवं याचा निर्णय घेतला आणि फिल्टर त्या निर्णयामागून आला. नवीन मुलांना मी हा फोटो दाखवतो तो एवढ्यासाठीच.

एनडी फिल्टरची, म्हणजे सगळीकडून सारख्या गडद काचेची, निवड मी समुद्राला विचारून करतो. हरिहरेश्वरच्या कातळावर संध्याकाळी आयएसओ १०० आणि एफ/११ ला शटर १/१५ सेकंद मिळतंय असं धरा. तीन स्टॉपचा एनडी लावला की ते अर्धा सेकंद होतं, सहा स्टॉपचा लावला की चार सेकंद, दहा स्टॉपचा लावला की एक मिनिटाच्या वर. अर्ध्या सेकंदात परतणारी लाट फेसाच्या रेघा ओढत जाते, प्रत्येक रेघ कातळाचा उतार दाखवते. चार सेकंदांत रेघांचा धूर होतो. मिनिटभरात समुद्र उरत नाही, पांढरं धुकं उरतं. अशा फोटोंना मागणी आहे, मीही ते काढून दिलेत, पण अरबी समुद्राला स्वतःचा जोर आहे, आणि तो मिनिटभराच्या एक्स्पोजरमध्ये हरवतो. म्हणून वाइडबरोबर माझ्या हातात बहुतेक वेळा तीन किंवा सहा असतो. एक सूचना मात्र कळकळीची: त्या कातळावर भरतीच्या वेळी उतरू नका, आणि उतरलात तरी पाठ समुद्राकडे कधीच करू नका. कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घातलेल्या माणसाला लाट दिसत नाही.

दहा स्टॉप वाइडवर नको म्हणायचं दुसरं कारण काचेचं आहे. रंगवलेल्या काचेतून मधला प्रकाश सरळ जातो, कोपऱ्यातला तिरका. सोळा मिमीच्या कोपऱ्यात तिरका जाणारा किरण काचेतून साधारण १८ टक्के जास्त अंतर कापतो. तीन स्टॉपच्या काचेत त्यामुळे कोपरे सुमारे अर्धा स्टॉप गडद होतात, सहाच्या काचेत एक स्टॉप, दहाच्या काचेत जवळपास दोन स्टॉप. लोक होल्डरला किंवा लेन्सला दोष देतात. दोष भूमितीचा असतो. फिरवून गडद-फिका करता येणारा व्हेरिएबल एनडी तर याहून वाईट. त्यात दोन पोलरायझर एकमेकांवर असतात आणि वाइडवर टोकाला नेला की आकाशावर काळी फुली उमटते. व्हिडिओवाल्यांना तो सोयीचा आहे. वाइड लँडस्केपसाठी तो घेऊ नका.

मापांचं थोडक्यात सांगतो. वाइड झूम बहुधा ७७ किंवा ८२ मिमीच्या असतात. गोल फिल्टर ८२ चाच घ्या आणि लहान लेन्सवर स्टेप-अप रिंगने लावा. उलटं केलंत तर कोपरे कापले जातात. चौकोनी होल्डर १०० मिमीचा सोळापर्यंत चालतो, मात्र खाचा एक किंवा दोनच ठेवा. तिसरी फ्रेममध्ये दिसू लागते. पुढे फुगीर काच असलेल्या १४-२४ सारख्या जुन्या लेन्सना थ्रेडच नसतो. त्यांना १५० मिमीचा होल्डर लागतो. तो गडावर नेणं म्हणजे एक जेवण कमी नेणं. लेन्सच अजून घ्यायची असेल, तर थ्रेड असलेली घ्या. ते एक-दोन मिलिमीटर जास्त वाइड दिसणं आमच्या डोंगरांत फारसं कामाला येत नाही. रेझिनचे चौकोनी फिल्टर हलके असतात पण ओरखडे पटकन पडतात, काचेचे जड असतात आणि दगडावर पडले की संपले. मी काच वापरतो, कारण पावसात दिवसभर पुसावी लागते आणि रेझिन तेवढं पुसणं सोसत नाही.

तेव्हा सोळा-पस्तीस घेतलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, पहिला फिल्टर पोलरायझर घ्या: स्लिम रिंगचा, चांगल्या कोटिंगचा, आणि परवडेल त्यातला वरचा. जून ते सप्टेंबर तेवढ्यावरच काढा. दसऱ्यानंतर आकाश निळं झालं की तो लेन्सवरून उतरवा आणि सूर्य कुठे आहे ते पाहूनच पुन्हा चढवा. कोकणात जाणं होत असेल तर सहा स्टॉपचा एनडी त्याच्या जोडीला घ्या, आणि घाटमाथ्यावर संध्याकाळ काढत असाल तर तीन स्टॉपचा सॉफ्ट ग्रॅड. दहा स्टॉप, रिव्हर्स, व्हेरिएबल यांतलं काही हवंसं वाटलं तर आधी कुणाकडून मागून एक संध्याकाळ वापरा. आणि कासला गेलात तर फिल्टर कुठलाही लावा, पायवाट सोडून फुलांत उतरू नका.